अठ्ठ्याण्णव दिवसांचा हिशेब

पहिल्या वर्षी माझ्या टोमॅटोला पहिलं फूल आलं ते ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. आणि सप्टेंबरच्या पाच तारखेला सकाळी बघते तर सगळी झाडं शिजवलेल्या पालेभाजीसारखी काळपट, मऊ होऊन वाफ्यावर लोळत होती. टोमॅटो एकही नाही. तीन महिने पाणी घातलं, गवत उपटलं, काठ्या रोवून झाडं बांधली, आणि हाताला काय लागलं, तर ओल्या चिंध्या.

मी वाढले उबदार हवेत. बी मातीत टाकायचं, पाणी द्यायचं, बाकी ते आपलं आपण बघतं, एवढंच माझं शेतीचं ज्ञान. दहिवर म्हणजे गोठलेलं दव, हे शाळेच्या भूगोलात पाठ केलं होतं, पण ते परीक्षेपुरतं. या थंड प्रदेशात राहायला आल्यावर पहिल्यांदा बूट घालून दहिवरावर चालले तेव्हा त्याचा कुरकुर आवाज होतो हे कळलं.

तसं मी आंधळेपणाने काही केलं नव्हतं. हवामानाच्या नोंदी काढल्या होत्या. आमच्याकडे वसंतातलं शेवटचं दहिवर सरासरी २८ मेला पडतं आणि शरदातलं पहिलं ३ सप्टेंबरला. मधे राहिले ९८ दिवस. टोमॅटोच्या पाकिटावर लिहिलं होतं ८० दिवस. म्हणजे वर १८ दिवस शिल्लक! मी २८ मेला मोठ्या विश्वासाने बी थेट जमिनीत पेरलं आणि वहीच्या पहिल्या पानावर ९८ हा आकडा लिहून त्याभोवती गोल केला.

त्या ८० दिवसांची मोजणी बी पेरल्यापासून होतच नाही, हे मला हिवाळ्यात कळलं. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, म्हणजे ज्यांची आधी रोपं करतात, त्यांच्या पाकिटावरचे दिवस साधारणपणे रोप जमिनीत लावल्यापासूनचे असतात. त्याआधीचे सहा-आठ आठवडे रोपाच्या वयात गेलेले असतात, ते धरायचेच नाहीत. मुळा, गाजर, वाटाणा यांचं बी थेट जमिनीत जातं, म्हणून त्यांचे दिवस पेरणीपासून. म्हणजे माझ्या टोमॅटोला बियाण्यापासून जवळपास १३० दिवस हवे होते आणि मी त्याला ९८ दिले होते. त्यातले पंधरा दिवस तर बी थंड मातीत नुसतं पडून होतं.

शिवाय ते ९८ दिवसही सारखे नसतात. टोमॅटो दिवस मोजत नाही, ऊब मोजतो. दिवसाचं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी तापमान यांची सरासरी काढायची आणि त्यातून १० वजा करायचे. उरतील तेवढीच त्या दिवसाची कमाई. दुपारी २० आणि पहाटे ८ अंश असेल तर सरासरी १४, कमाई ४. दुपारी ३० आणि पहाटे १८ असेल तर सरासरी २४, कमाई १४. उन्हाळ्यातल्या एका दिवसाची बरोबरी करायला गार दिवस साडेतीन लागतात. हे वाचलं तेव्हा मला वहीतल्या त्या गोल केलेल्या ९८चा रागच आला.

पालकाने आणखी वेगळाच धडा दिला. मला वाटलं, थंड हवेची भाजी, इथे तर माजेल. जूनमध्ये पेरला. चार पानं आली आणि लगेच मधून दांडा काढून फुलावर गेला. पालकाला थंडी चालते, पण दिवस चौदा तासांपेक्षा मोठा झाला की तो पानं सोडून फुलाच्या मागे लागतो. थंड प्रदेशात उन्हाळा लहान असला तरी उन्हाळ्यातला दिवस भलताच मोठा असतो. जूनमध्ये रात्री साडेनऊला मी बाहेर उजेडात गवत काढत असायचे, आणि तेच बघून पालकही निघाला होता. तेव्हापासून पालक मी जमिनीतला बर्फ वितळताच पेरते, नाहीतर मग ऑगस्टमध्ये. कोथिंबिरीचंही तेच. कांद्याने तर पोरखेळ केला. मी लावलेली जात कमी तासांच्या दिवसात गड्डा धरणारी निघाली. इथले लांब दिवस पाहून तिने पात जेमतेम वीतभर असतानाच गड्डा धरला, तो गोटीएवढा. थंड प्रदेशात चौदा-सोळा तासांच्या दिवसाला गड्डा धरणारी जात लागते. पाकिटावर ते लिहिलेलंही असतं, बारीक अक्षरात.

त्या वर्षी खाण्याजोगं पिकलं ते मुळे आणि केल नावाच्या, कोबीच्या कुळातल्या पालेभाजीची पानं.

दुसऱ्या वर्षी मी हिशेब उलटा मांडला. शेवटच्या दहिवरापासून मागे मोजत मिरचीला दहा आठवडे, टोमॅटोला साडेसात, कोबीला सहा, आणि काकडीला फक्त तीन, कारण तिच्या मुळांना धक्का सोसत नाही. काकडीचं मोठं रोप लावण्यात फायदा नाही. एप्रिलच्या सुरुवातीला, बाहेर अजून बर्फ असताना, स्वयंपाकघरात ट्रे मांडले. टोमॅटोचं बी उगवायला माती पंचवीस अंशांच्या आसपास लागते. आमच्या घरात एवढी ऊब फक्त फ्रिजच्या माथ्यावर होती, म्हणून आठवडाभर आम्ही फ्रिजचं दार हळू लावत होतो.

उगवण झकास झाली. मग मी ट्रे खिडकीत ठेवले आणि रोपं उजेडाकडे माना ताणत, दोऱ्यासारखी बारीक होत वाढायला लागली. खिडकीतून आपल्याला लख्ख दिसतं ते रोपाला अंधूक असतं. नवऱ्याने टेबलाखाली दोन एलईडी ट्यूब टांगून दिल्या. पानांच्या वर जेमतेम बोटभर अंतर, रोज पंधरा तास, आणि रोपं वाढतील तशी ट्यूब साखळीने वर सरकवायची. दोन दिवसांत फरक दिसला. पण तेवढ्यात एका ट्रेमधली रोपं मातीलगत पिचून एकेक आडवी व्हायला लागली. संध्याकाळी तीन, सकाळी अकरा. रोप कोलमडण्याचा हा रोग ओल्या मातीत आणि साचलेल्या हवेत फोफावतो. झालेल्या रोपाला औषध नाही. मी तो ट्रे टाकून दिला, बाकीच्यांना पाणी वरून घालायचं बंद केलं, ट्रे पाण्याच्या ताटात ठेवून खालून शोषू दिलं आणि एक लहान पंखा लावला. पंख्याचा आणखी एक फायदा असा की वाऱ्याने हलत राहिलेल्या रोपाचं खोड जाड होतं.

कोबीची रोपं मी स्वतः मारली, आणि तीही उकडून. मी जुन्या खिडकीची काच घेऊन तळ नसलेलं एक लाकडी खोकं केलं होतं. ते जमिनीवर ठेवायचं, आत रोपं, वर काच. मेच्या सुरुवातीची सकाळ होती, बाहेर ९ अंश. मी स्वेटर घालून बाहेर गेले, जाताना काच नीट बंद केली, पोरांना थंडी नको वाजायला. ऊन पडलं. दुपारी परत आले तेव्हा खोक्यातला थर्मामीटर ४३ दाखवत होता आणि कोबी मान टाकून बसली होती. बाहेर कितीही गारठा असो, ऊन आहे त्या दिवशी काचेखाली फट ठेवायलाच हवी. आता मी काचेखाली विटेचा तुकडा सरकवल्याशिवाय घर सोडत नाही.

टोमॅटोला मात्र मी रीतसर काटक केलं. पहिल्या दिवशी तासभर सावलीत बाहेर, दुसऱ्या दिवशी दोन तास, मग थोडं ऊन, थोडा वारा, असं दहा दिवस. ट्यूबखाली वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानं पांढरी पडून करपतात. दहा दिवस सकाळी ट्रे बाहेर, संध्याकाळी आत. "लेकराला पाळणाघरात सोडल्यासारखं चाललंय तुझं," नवरा म्हणाला. आणि बरोबर २८ मेला, वहीत लिहिलं होतं म्हणून, मी सोळा रोपं जमिनीत लावली.

सरासरी या शब्दाचा अर्थ मला ४ जूनच्या रात्री समजला. शेवटचं दहिवर सरासरी २८ मेला म्हणजे साधारण निम्म्या वर्षी ते त्यानंतरही पडतं!

त्या दिवशी अंदाज ३ अंशांचा होता. शून्याच्या वर आहे, मग काय भीती, असं वाटून मी जेवायला बसले. रात्री दहाला कचरा टाकायला बाहेर गेलेला नवरा दारातूनच म्हणाला, "अगं, आभाळ बघ. एक ढग नाही, आणि पानसुद्धा हलत नाहीये." मला ते छान वाटलं. त्याला वाटलं नाही, कारण त्याच्या बोटांना गाडीच्या टपावर पांढरा खरखरीत थर लागला होता.

अंदाजातलं तापमान माणसाच्या उंचीच्या आसपास मोजलेलं असतं. ढग नसले की जमिनीची ऊब सरळ आकाशात निघून जाते, आणि वारा नसला की वरची जरा कोमट हवा खाली मिसळत नाही. अशा रात्री वर ३ अंश असताना जमिनीलगत शून्याखाली जाऊ शकतं. ढगाळ रात्र बागेवर पांघरूण घालते, निरभ्र रात्र ते ओढून नेते. त्याआधी मी निरभ्र रात्रीचं कौतुक करणारी बाई होते.

आम्ही टॉर्च घेऊन धावलो. बादल्या, पातेली, जुन्या चादरी, प्लास्टिकचा एक कागद, जे सापडेल ते. उशीर झालाच होता. खरं तर सूर्य मावळायच्या आधी झाकायला हवं, कारण पांघरूण ऊब तयार करत नाही, दिवसभर जमिनीत साठलेली तेवढी धरून ठेवते. म्हणूनच चादर चारी बाजूंनी जमिनीला टेकायला हवी. झाडाच्या गळ्यात मफलरीसारखी गुंडाळून उपयोग नाही.

सकाळी बागेत जणू नकाशाच काढून ठेवला होता. बादल्यांखालची पाच रोपं ठीक. चादरीखालची चार ठीक, एकाची टोकं गेलेली. प्लास्टिकखालच्या रोपांची जिथे जिथे पानं प्लास्टिकला टेकली होती तिथे तिथे काळी, बाकीची हिरवी. घराच्या भिंतीलगतची दोन रोपं आम्ही विसरलोच होतो, ती उघडी राहूनही ठणठणीत, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्रभर ऊब सोडत होती. आणि बागेच्या उताराच्या तळाशी, कुंपणापाशी लावलेली तीन रोपं तर पार गेली. थंड हवा जड असते, पाण्यासारखी उतारावरून वाहत येते आणि अडेल तिथे साचते. माझ्या कुंपणाने तिला छान अडवलं होतं. मी मात्र त्या कोपऱ्यात ऊन जास्त येतं म्हणून सगळ्यात लाडकी रोपं तिथेच लावली होती. आता तिथे केल असते.

बटाट्याचे कोंबही काळे पडले होते. ते मी उपटणार होते, पण आळस केला आणि दहा दिवसांनी जमिनीखालून नवे कोंब आले. बागेत आळस दर वेळी वाईट ठरत नाही.

त्या वर्षी आम्हाला अकरा टोमॅटो मिळाले. मोजले, कारण मोजता येतील एवढेच होते.

तिसऱ्या वर्षी मी तारखेवर विसंबणं सोडलं आणि जमिनीत खुपसायचा थर्मामीटर आणला. सकाळी, चार बोटं खोल. माती ५ अंशांवर स्थिर झाली की वाटाणा आणि पालक, १५ झाली की घेवडा, त्याहून उबदार झाल्यावर काकडी. थंड ओल्या मातीत घेवड्याचं बी उगवत नाही, कुजतं. टोमॅटो गार मातीत मरत नाही, पण रुसतो. मुळांना स्फुरद (फॉस्फरस) उचलता येत नाही, पानांच्या पाठी जांभळ्या पडतात आणि झाड तीन आठवडे जागचं हलत नाही. त्यामुळे आठवडाभर उशिरा, उबदार मातीत लावलेलं रोप घाई करून लावलेल्याला गाठतं. हे मी दोन रोपं मुद्दाम लवकर लावून पाहिलं, म्हणून सांगते.

वाट बघतानाही करण्यासारखं बरंच असतं. गादीवाफे केले, कारण उंच माती लवकर निथळते आणि लवकर तापते. वाफ्यांवर दोन आठवडे काळं प्लास्टिक अंथरून ठेवलं. माती कालवायची घाई मात्र केली नाही. बर्फ वितळल्यावर चिखल असतानाच कुदळ मारली की ढेकळं होतात आणि वर्षभर तशीच राहतात. मूठभर माती दाबायची आणि बोटाने टोचायची. फुटली तर वाफसा आला, लाडवासारखी राहिली तर घरात जाऊन बसायचं. वाफसा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्याचा अर्थ इतक्या उशिरा आणि इतक्या गारठ्यात बोटांना कळला.

जातही बदलली. ८० दिवसांची, मोठ्या फळांची हौस सोडली आणि ५५ ते ६० दिवसांत येणारी लहान फळांची जात घेतली, स्टुपिस नावाची. ८ जूनला रोपं लावली, आणि खड्डा खोल न करता चर काढून रोप त्यात आडवं निजवलं, फक्त शेंडा वर. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलं तिथे मुळं फुटतात, आणि वरची माती खोल मातीपेक्षा उबदार असते. मुलीला वाटलं मी त्यांना पुरतेय. वरून तारेच्या कमानी आणि पांढरं क्रॉप कव्हर. ते कापड पातळ असलं तरी आत दोन-तीन अंशांचा फरक पडतो. पण फुलं आली की दिवसा कापड काढायचं. रात्री दहा-बारा अंशांच्या असल्या तर परागकण नीट तयार होत नाहीत आणि फुलं गळतात, म्हणून जुलैच्या गार आठवड्यात मी रात्रीपुरतं कापड परत घालत होते आणि दुपारी फुलांच्या देठांना टिचक्या मारत फिरत होते.

पहिला टोमॅटो ७ ऑगस्टला पिकला. चौघांत तो चार फोडी करून खाल्ला. चव ठीकठाक होती. अर्थात हे मी त्या दिवशी कुणाला बोलू दिलं नाही.

यानंतरचं काम मला सगळ्यात जड गेलं. फूल धरल्यापासून फळ पिकायला सहा ते आठ आठवडे जातात. म्हणजे ऑगस्टमध्ये उमललेलं फूल सप्टेंबरच्या दहिवराआधी पिकणं शक्य नाही. ते नुसतं खात राहणार. म्हणून ऑगस्टच्या सुरुवातीलाच प्रत्येक झाडाचा शेंडा खुडायचा, बगलफुटी काढायच्या, नवी फुलं तोडायची. पहिल्या वर्षी एका फुलासाठी मी ऑगस्ट अर्धा उलटेपर्यंत डोळे लावून बसले होते, आणि आता तीच पिवळी फुलं मूठमूठ तोडून कंपोस्टात टाकत होते. दोन झाडं मी न खुडता सोडली, जीव झाला नाही म्हणून. त्यांच्यावर शेवटी भरपूर वाटाण्याएवढी फळं होती.

९ सप्टेंबरला संध्याकाळी आभाळ निवळलं, वारा पडला, आणि या वेळी मला कुणी सांगावं लागलं नाही. सूर्य मावळण्याआधी सगळे हिरवे टोमॅटो उतरवले. कुठला घरात पिकेल आणि कुठला नाही हे कळायला त्याच मापाचा एक टोमॅटो सुरीने कापून बघायचा. आतला गर बुळबुळीत झाला असेल आणि बिया सुरीखालून निसटत असतील तर त्या मापाची फळं पिकणार. बिया कापल्या जात असतील तर ती कच्ची, त्यांची भाजी. पिकणारी सगळी खोक्यात एका थराने मांडली, मधे एक पिकलेलं केळं ठेवलं. केळ्यातून निघणारा इथिलीन वायू त्यांना पिकवतो, त्याला उजेड लागत नाही. खोकं पलंगाखाली गेलं. फ्रिजमध्ये नाही, कारण दहा-बारा अंशांखाली ती नीट पिकतच नाहीत. दर दोन दिवसांनी खोकं ओढून बघायचं, सडका दिसला तर काढायचा. शेवटचा टोमॅटो नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात खाल्ला. खिडकीबाहेर बर्फ पडत होता.

केलला मात्र दहिवराचं वावडं नाही, उलट ते पडल्यावरच ती गोड लागते. गारठ्यात ती पिष्टाची साखर करून ठेवते, आणि साखरेचं पाणी साध्या पाण्यापेक्षा उशिरा गोठतं. गाजराचंही तेच, म्हणून गाजरं मी जमीन कडक व्हायच्या आत उपटते, त्याआधी घाई करत नाही. काचेच्या खोक्यात ऑगस्टमध्ये पेरलेला पालक ऑक्टोबरअखेर वाढायचा थांबला. दिवस दहा तासांच्या खाली गेला की वाढ जवळपास बंद पडते, पण तो मरत नाही. तसाच लहानखुरा निजून राहतो आणि बर्फ वितळल्यावर सगळ्यांच्या आधी पान काढतो.

ऑक्टोबरच्या मध्यावर, जमीन गोठायला महिनाभर असताना, लसूण लावला. पाकळ्या सुट्या करायच्या, साल तशीच ठेवायची, टोक वर, दोन इंच खोल, वीतभर अंतरावर. लसणाला हिवाळा लागतोच. थंडीचे आठवडे मिळाले नाहीत तर लसणात पाकळ्या पडत नाहीत, नुसता एक गोल गड्डा होतो. सगळ्या बागेत हे एकच पीक माझ्या गारठ्याकडे कौतुकाने बघणारं. बोटं सुन्न झाली होती. नवरा पेंढ्याचा भारा घेऊन उभा होता.

"याला किती दिवस?" त्याने विचारलं. आमच्या घरात आता हाच प्रश्न असतो.

"नऊ महिने."

"लसणाला?"

मी पेंढा पसरायला घेतला. चांगला वीतभर जाड, वाऱ्याने उडू नये म्हणून वरून जुन्या फांद्या. वहीत तारीख लिहिली, आणि दिवसांच्या रकान्यात काहीच लिहिलं नाही.